टेबल क्र. ४१७ च्या उजव्या खणाबाबत

प्रति,
मा. भांडारप्रमुख,
प्रांतिक मीठ-पुरवठा कार्यालय,
मातान्सास, क्यूबा.

विषय : मयत कर्मचारी एवेलियो सोतोलोंगो यांच्या टेबलाचा उजवा खण काढून मिळणेबाबत (चौथा अर्ज).
संदर्भ : माझे तीन अर्ज व आपले दि. ९ मार्चचे पत्र.

महोदय,

१. माझे पती एवेलियो आपल्याकडे बावीस वर्षे आवक-जावक कारकून होते. १४ फेब्रुवारीस सकाळी ते वारले. निरोप आला तेव्हा मी कपडे वाळत घालत होते. उरलेलेही घातले.

२. दुपारच्या सुट्टीत ते टेबलाचा उजवा खण काढून, मांडीवर पालथा घेऊन वाजवीत. त्याबद्दल आपण त्यांना दोनदा लेखी ताकीद दिली होती. गुलामीच्या काळी ढोलांवर बंदी होती, तेव्हापासून आमची माणसे खण वाजवत आली. गेलेल्या माणसालाही खण वाजवूनच बोलावतात. त्यांचे सोबती म्हणतात, एवेलियो दुसऱ्या लाकडाला यायचा नाही.

३. पहिल्या अर्जावर आपण खणातल्या वस्तू पिशवीतून पाठवल्यात : कंगवा, दोन शिक्के, अर्धी सिगार. मी खण मागितला होता. दुसऱ्या वेळी मी बदली म्हणून घरच्या कपाटाचा खण घेऊन आले. तो दोन बोटे जास्त रुंद भरला, आणि नोंद नसलेली वस्तू म्हणून जमा झाला. तेव्हापासून माझे कपडे खुर्चीवर असतात.

४. तिसऱ्या अर्जानंतर भांडारपाल रेइनेरिओ यांनी मला बसवून कॉफी दिली. ते आमच्या यांच्याबरोबर वाजवायला बसत. त्यांच्याबद्दल तक्रार नाही. म्हणाले, "वहिनी, माणूस गेला ते मला कळतं. पण जडवस्तू नोंदवहीत टेबल अजून त्याच्याच नावावर आहे. त्याच्या सहीशिवाय मला खिळासुद्धा हलवता येत नाही." आपल्या पत्रातही तेच आहे : सही ताबाधारकाचीच, ताबापत्राच्या तीन प्रतींवर.

५. शेजारणी म्हणतात, मी रडत नाही. खरे आहे. आत काही हलतच नाही. ते आले तर काय बोलायचे, हेही ठरवलेले नाही. फक्त यावेत.

६. खण वाजल्याशिवाय ते येणार नाहीत, आणि ते आल्याशिवाय सही होणार नाही. तरी येत्या शनिवारी, ७ तारखेस, खण रेइनेरिओ यांच्या जबाबदारीवर एक दिवस द्यावा, सोबत ताबापत्राच्या तीन कोऱ्या प्रती. एवेलियो ज्याच्या अंगात येतील त्याच्या हातात मी पेन देईन. सही थोडी थरथरली तर समजून घ्यावे.

मात्र तिन्ही सह्या एकदम घेणार नाही. दोन झाल्या की पेन थोडा वेळ माझ्याकडेच ठेवीन. त्यामुळे खण परत यायला उशीर झाल्यास क्षमा असावी.

आपली नम्र अर्जदार,
ओनेलिया फुंदोरा
(कै. एवेलियो यांची पत्नी)
दि. २ एप्रिल १९८४

सोबत : मृत्यूचा दाखला, पडताळणीसाठी पतीच्या सहीचा जुना नमुना.