सीझन थांबलाय, संपलेला नाही

१३ मार्च २०२०, शुक्रवार. संध्याकाळ.

दुपारी स्कीच्या लिफ्ट बंद झाल्या. सरकारी हुकूम, त्या विषाणूमुळे. खुर्च्या वर तारेला नुसत्या लटकतायत. डोंगरातल्या आमच्या व्रानोवोत असं कधी पाहिलं नव्हतं, आणि मी इथल्या स्की स्कूलचा प्रमुख आहे. म्हणजे मी आणि हाताखाली यावोर.

शेजारचे स्तामेनकाका लिफ्टचे मेकॅनिक आहेत. जिभेला हाड नाही. म्हणाले, संपला रे ब्लागो सीझन, आता घरी जा आणि पाय शेकत बस. मी शांतपणे समजावलं की सीझन थांबलाय, संपलेला नाही. सोमवारी उघडेल. कोणी सांगितलं, म्हणाले. म्हटलं, अनुभव आहे.

खासगी. नोव्हेंबरात माझी बायको क्रेमेना बहिणीकडे प्लोवदिवला गेली. बसमध्ये चढताना म्हणाली, सीझन संपला की बसून बोलू. इतक्या वर्षांच्या संसारात आम्ही बसून कधी बोललेलो नाही. बसून बोलतात म्हणजे काय बोलतात, ते मला कळतं. त्यामुळे सीझन संपायची मला घाई नाही. जाताना तिने उन्हाळ्यातल्या सँडलसुद्धा नेल्या. पण बहिणीकडे हीटिंग फार चांगलं आहे.

१४ मार्च, शनिवार.

सकाळपासून बसेस. इंग्रज मंडळी बॅगा ओढत चालली. एका बाईने स्कीचे बूट पायात तसेच ठेवून बस पकडली. बूट आपल्या स्कूलचे होते. ओरडलो, पण इंग्रजीत मला 'गुडघे वाकवा' आणि 'अजून वाकवा' एवढंच येतं. तिने गुडघे वाकवले आणि हात हलवला.

यावोर आईकडे गावी गेला. सोमवारी येशील ना, विचारलं. तो माझा थर्मास घेऊन गेला, म्हणजे येणार.

संकल्प: (१) इंग्रजी सुधारायचं. (२) रोज व्यायाम. (३) सिगारेट बंद.

दुपारी क्रेमेनाचा फोन. विचारत होती, संपला का रे सीझन, टीव्हीवर सांगतायत. म्हटलं, टीव्हीवाल्यांना डोंगरातलं काय कळतं, सोमवारी नऊला पहिली लिफ्ट, वार्नाहून मोठा ग्रुप येतोय. ती म्हणाली, मग मी काय करू? म्हटलं, तू आरामात राहा, इथली अजिबात काळजी करू नकोस. बरं, म्हणाली.

चांगलं निभावलं. वार्नाचा ग्रुप कुठून सुचला कोण जाणे. नंतर दोन सिगारेटी ओढल्या. संकल्प सोमवारपासून.

१६ मार्च, सोमवार.

सकाळी साडेआठला पूर्ण गणवेशात स्लोपवर हजर. लाल जाकीट, शिट्टी. कोणी नाही. बारापर्यंत थांबलो. स्तामेनकाका खालून जाताना म्हणाले, वर्ग भरला का मास्तर?

आजचा सोमवार धरायचा नाही. खरा सोमवार पुढचा.

१८ मार्च, बुधवार.

ऊन. शिकाऊ स्लोपवर मधोमध गवत दिसायला लागलंय. स्कीच्या दुकानामागच्या सावलीतला बर्फ ढकलगाडीत भरून वर नेला आणि गवतावर पसरला. संध्याकाळपर्यंत चालू होतं. याला व्यायाम धरायला हरकत नाही.

क्रेमेनाने विचारलं, आज काय केलंस? सांगितलं, दिवसभर स्लोपवर होतो, पाठ मोडली. खोटं काहीच नाही. तिने पुन्हा तेच विचारलं, म्हणजे सीझन चालूच? म्हटलं, आहेच.

फोन ठेवल्यावर काही वाटलं नाही. हल्ली काही वाटत नाही. चव कळते, वास येतो, ते तपासलं. तसा आजारी नाही.

२० मार्च, शुक्रवार.

स्तामेनकाकांनी खाली नदीकाठी करकोचा पाहिला म्हणे. एक मार्चला आम्ही सगळे मनगटावर लाल-पांढरा दोरा बांधतो आणि करकोचा दिसला की सोडतो; त्यांनी त्यांचा लगेच सोडला आणि आलुबुखाऱ्याच्या फांदीला बांधूनसुद्धा आले. थंडी सरली, म्हणाले. मी म्हटलं, करकोचे चुकतात. ते म्हणाले, हो तर, करकोचा दरवर्षी आफ्रिकेहून बरोबर येतो, पण ब्लागोला विचारायचं विसरतो.

मी माझा दोरा सोडलेला नाही. मी करकोचा पाहिलेला नाही. हल्ली घरातून निघालो की मान खाली घालूनच चालतो.

२१ मार्च, शनिवार.

आजपासून मोठ्या शहरांच्या वेशीवर पोलीस. कामाचा कागद असेल तरच सोडतात. प्लोवदिवलाही.

म्हणजे आता ती आली नाही तर त्याला कारण पोलीस. थोडं हलकं वाटलं. मग वाटलं की हलकं वाटायला नको होतं.

२३ मार्च, सोमवार.

पोलिसांची गाडी वर आली. स्लोपवर एकटे काय करताय, विचारलं. म्हटलं, ट्रेनिंग. कोणाला देताय? म्हटलं, स्वतःला. तरुण होता, तोंडावर मास्क, पण डोळ्यांवरून हसत नव्हता. म्हणाला, काका, घरी जा. मला काका म्हणाला. मी अजून काळ्या, म्हणजे सगळ्यात अवघड स्लोपवरून डोळे मिटून उतरतो.

घरी आलो. बुधवारी ब्लागोवेत्स, माझ्या नावाचा सण, म्हणजे माझा नामदिन. तयारीला लागलं पाहिजे. नामदिनाला कोणाला बोलवायचं नसतं, ही आपली रीत उत्तम आहे. ज्याला यायचं तो येतो. दार उघडं ठेवायचं आणि टेबल मांडायचं, बस. दरवर्षी स्कूलची सगळी पोरं, हॉटेलवाले, क्रेमेनाच्या मैत्रिणी, पाय ठेवायला जागा नसते. पोलीस बिलीस ठीक आहे, पण सणाला माणूस वाट काढतोच.

क्रेमेनाला मी फोन करणार नाही. बोलावणं केलं तर रीत मोडेल.

२५ मार्च, बुधवार. नामदिन.

सकाळी पाच ट्राउट मासे भाजले. टेबल मोठं केलं. दारूचे, म्हणजे राकियाचे, ग्लास सगळे पुसले. क्रेमेनाची खुर्ची खिडकीजवळ, तिला तीच लागते. दार उघडं ठेवलं. घर फ्रिजसारखं गार झालं, म्हणून कोट घालून बसलो.

अकरा. कोणी नाही. इतक्या लवकर कोणी येत नसतं.

एक. सकाळपासून बर्फ पडतोय. रस्त्याने थोडा उशीर होणारच.

दोन. क्रेमेनाचा फोन. शुभेच्छा दिल्या. कोण कोण आलंय, विचारलं. म्हटलं, घर भरलंय. म्हणाली, मागे आवाज नाही रे कोणाचा. म्हटलं, खातायत सगळे. मग म्हणाली, आणि सीझन? म्हटलं, जोरात. ती म्हणाली, जप हो, ब्लागो. तिने माझं नाव इतक्या हळू कधी घेतलं नव्हतं. फोन ठेवला.

चार. स्तामेनकाका आले. आत येईनात. म्हातारा आहे मी, म्हणाले, तू तुझ्या बाजूला उभा राहा. स्वतःचा ग्लास खिशात घालून आणला होता. कुंपणावरून राकिया ओतली. आत टेबल बघून म्हणाले, कोणाची वाट बघतोयस? म्हटलं, येतील संध्याकाळपर्यंत. क्रेमेनाला मात्र सीझनमुळे जमणार नाही.

त्यांनी ग्लास कुंपणाच्या खांबावर ठेवला. म्हणाले, लिफ्ट बंद झाल्या त्याच संध्याकाळी क्रेमेनाचा पहिला फोन त्यांनाच आला होता. लिफ्टच्या किल्ल्या माझ्याकडे, म्हणाले, मग मलाच विचारणार ना पोरगी. तिला सगळं माहीत आहे. वार्नाचा ग्रुप, ढकलगाडी, सगळं.

मी विचारलं, मग मला रोज का विचारत होती?

म्हणाले, तुझ्या तोंडून ऐकायचं होतं तिला. संपला सीझन, ये घरी, एवढंच. आठवडाभर बॅग भरून बसली होती. बोलायचं होतं म्हणजे काय, दर हिवाळ्यात तू तिच्याशी बोलत नाहीस, एवढंच बोलायचं होतं तिला.

मी म्हटलं, पण नामदिनाला कोणाला बोलवायचं नसतं.

म्हणाले, अरे गाढवा, नामदिनाला माणसं न बोलावता येतात. बायकोला बोलवावं लागतं.

मासे गार झाले होते. एक मी खाल्ला, एक त्यांना कागदात बांधून दिला. ते गेल्यावर दार लावलं.

२६ मार्च, गुरुवार. सकाळ.

गुडघ्याएवढा बर्फ. या वर्षातला सगळ्यात चांगला. स्लोपवर गवताचं पातंही दिसत नाही.

क्रेमेनाला फोन केला. म्हटलं, सीझन संपला. ती म्हणाली, हो. म्हटलं, घरी ये. ती म्हणाली, काल दुपारी तुझ्याशी बोलून झाल्यावर मी एका ठिकाणी कामाला होकार दिला, मास्क शिवायचे आहेत, बहिणीच्या घरापासून जवळच आहे, राहायला खोलीही मिळतेय. काल दुपारपर्यंत मी त्यांना थांबवून ठेवलं होतं.

कधीपासून, मी विचारलं.

सोमवारपासून.

मी अभिनंदन म्हटलं. ती थँक यू म्हणाली.