स्पूल क्रमांक चार आणि बाकीची मालमत्ता

लिहून ठेवणार: बाळकृष्ण गणपतराव बिरादार, वय ५३ वर्षे, नोकरी रेल्वेच्या दूरसंचार खात्यात, राहणार तारनाका, हैदराबाद.

हे मी माझ्या मर्जीने आणि माझ्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. हृदय ठिकाणावर नाही, पण कायदा फक्त डोक्याबद्दल विचारतो, असे शेजारचे नामदेवराव पांपटवार यांनी सांगितले. ते तहसील कचेरीत पस्तीस वर्षे होते आणि आत्ता माझ्यासमोर खुर्ची टाकून मी काय लिहितो ते बघत आहेत. परवा सोमवारी माझी बायपास आहे. डॉक्टर म्हणतात, काळजीचे कारण नाही. हे त्यांनी इतक्या वेळा सांगितले की मला काळजी वाटू लागली. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. वकील इंग्रजीत करा म्हणत होता. मी मराठीतच लिहितो, कारण इंग्रजीत मी एकदा फार मोठे खोटे लिहिले आहे. त्याचा खुलासा कलम ५ मध्ये येईल.

कलम १. तारनाक्याचे राहते घर, त्यातील सामान, बँकेतील व पोस्टातील ठेवी आणि खात्याकडून जे येईल ते सर्व माझी पत्नी सौ. प्रमिला हिला मिळावे. तिच्या पश्चात मुलगा अमित याला. अमितला मराठी जोडाक्षरे अडतात, म्हणून हे कागद त्याच्या आईने त्याला मोठ्याने वाचून दाखवावेत, मधले काही न गाळता. प्रमिलाने मागच्या खोलीतला आवाज सात वर्षे सोसला. आवाज थांबला की ती चहा घेऊन यायची आणि "मिटलं का भांडण?" एवढेच विचारायची. प्रमिला, ते भांडण नव्हते. ते गाणे होते. मी तुला आत बसवून एकदाही ऐकवले नाही याचे मला वाईट वाटते.

कलम २. मागच्या खोलीविषयी. १९९२ साली कॉलेजातली काही मुले जळालेला अँप्लिफायर घेऊन माझ्याकडे आली. आयातीच्या नव्या धोरणामुळे बाहेरची गिटार मिळू लागली होती, पण ती दुरुस्त करणारा मिळत नव्हता. मी अँप्लिफायर दुरुस्त केला आणि चालतो का ते बघायला त्यांना वाजवायला सांगितले. मी वीस वर्षे तारेतली खरखर काढण्याचा पगार घेत होतो. ही मुले ती मुद्दाम घालत होती आणि त्या संगीताला मेटल म्हणत होती. मी स्वभावाने भित्रा आहे. गॅस बंद केला का हे तीनदा उठून बघतो, गाडीच्या आधी दीड तास स्टेशनवर जाऊन बसतो. त्या दिवशी त्या गोंगाटात मला अर्धा तास कशाचीच भीती वाटली नाही. म्हणून मी त्यांना खोली दिली.

पुढे तिथूनच आम्ही कॅसेटी काढल्या. कंपनीचे नाव ‘लेव्हल क्रॉसिंग’. कंपनी म्हणजे मी, दोन डेक आणि झेरॉक्सवाल्याकडून काढलेली कव्हरे. दुकानात कुणी ठेवून घेत नव्हते. सगळा माल पोस्टाने जायचा: शिलाँग, पोलंड, ब्राझील, फिनलंड. तिकडूनही त्यांच्या कॅसेटी यायच्या. असे आठ अल्बम निघाले. शिल्लक कॅसेटींचे दोन खोके आहेत. जो कुणी पत्र पाठवून मागेल त्याला त्या द्याव्यात, संपेपर्यंत.

कलम ३. आमच्या या व्यवहारात पाकिटावरच्या तिकिटांना साबणाचा हात फिरवायची पद्धत होती. शिक्का धुऊन निघतो, समोरचा माणूस तिकीट परत पाठवतो आणि आपण तेच पुन्हा लावतो. केंद्र सरकारचा नोकर असून मी हे केले. टपाल खात्याची मी माफी मागतो. डब्यातली उरलेली तिकिटे जाळून टाकावीत. नामदेवराव म्हणाले, "हे कलम काढा, पेन्शनला खोडा बसेल." मी ठेवतो आहे, पण अक्षर बारीक केले आहे.

कलम ४. सोल्डरिंग गन, मीटर, टेप जोडायची पट्टी व सुटे भाग अमितला. त्याला नको असल्यास खात्यातल्या कुणाही होतकरू माणसाला. भिंतीला लावलेल्या काथ्याच्या आठ गाद्या नामदेवरावांना. त्यांनी माझ्याविरुद्ध सोसायटीकडे तीन लेखी तक्रारी केल्या, त्यातल्या एकीत "बिरादार यांचे घरी जनावर कापले जात असल्याचा भास होतो" असे वाक्य आहे. गाद्या त्यांनी आपल्या बाजूने लावून घ्याव्यात. हे वाचून ते आत्ता म्हणाले, "काथ्या चांगला आहे का?" चांगला आहे.

युवराज, जो मागच्या खोलीतल्या एका बँडमध्ये गिटार वाजवायचा आणि आता अमेरिकेत सन दोन हजारच्या तारखेला अडणारे संगणक दुरुस्त करतो, त्याला माझ्याकडून काहीही मिळू नये. कारण पुढे आहे.

कलम ५. स्पूल क्रमांक चार. हे सगळ्यात महत्त्वाचे आहे.

१९९४ च्या मे महिन्यात आम्ही ‘कर्फ्यू पास’ या बँडची सात गाणी टेपच्या मोठ्या स्पूलच्या मशीनवर भरून घेतली; तेच हे स्पूल क्रमांक चार. गाणारी माझी भाची योगिनी. थोरली बहीण सत्यवती आणि दाजी अप्पाराव सोळुंके यांची ती मुलगी. तेव्हा एकोणीस वर्षांची होती. गाणी तिनेच लिहिली होती, घरात बोलतो तशा मराठीत आणि दखनीत. एक दिवसाआड येणाऱ्या नळावर, बसमध्ये अंगचटीला येणाऱ्यावर, मुलगी बघायला येणाऱ्या पाहुण्यांवर. तिचा आवाज बारीक आणि धारदार होता. माझ्या खात्याच्या सवयीने मी प्रत्येक स्पूलच्या सुरुवातीला एक हजार सायकलची, म्हणजे सेकंदाला हजार कंपनांची, शिट्टी भरतो. ती मीटरवर हजार दाखवते आहे तोवर मशीन बरोबर वेगाने चालले आहे.

स्पूलवरून कॅसेट भरायच्या दिवशी मी घाईत ती शिट्टी ओलांडून थेट गाण्यावर आलो. उन्हाने मशीनचा रबरी पट्टा सैल झाला होता. स्पूल हळू फिरले. कॅसेटवर सगळे जड, खोल झाले आणि योगिनीचा आवाज एखाद्या दांडग्या पुरुषासारखा उतरला. दोनशे प्रती निघून गेल्यावर मी शिट्टी तपासली. मीटरवर हजार नव्हतेच.

गिटारवाला युवराज खूश झाला. "अंकल, नक्को बदलो. अब्बी असली मेटल लगरा." योगिनी डेकसमोर बसून पूर्ण ऐकत राहिली आणि म्हणाली, "मामा, ही मी नाहीये." मी नव्याने प्रती काढणार होतो. पण त्याच आठवड्यात दाजी आले. पाहुणे योगिनीला बघायला येणार होते आणि पोरगी असली गाणी म्हणते हे कळले तर संपलेच, या भीतीने त्यांची झोप उडाली होती. मी त्यांना कॅसेट ऐकवली. ते मिनिटभर ऐकून म्हणाले, "हे कोण बोंबलायलंय? आपली योगिनी हाय म्हून कुणाच्या बापाला कळत नाही. बरं झालं. असंच राहू दे. नाव घालू नको. माझ्या गळ्याची शपथ घे." मी घेतली.

पुढच्या वर्षी पोलंडच्या एका मासिकाने त्या आवाजाची फार तारीफ केली आणि गाणाऱ्याचे नाव विचारले. मी इंग्रजीत उत्तर लिहिले: युवराज. त्याने ते नाकारले नाही, उलट मुलाखती दिल्या. हेच ते खोटे.

योगिनीचे लग्न झाले. ती कुकटपल्लीत असते, तिथेच ऑफिसात कामाला आहे. गेल्या दसऱ्याला भेटली तेव्हा म्हणाली, "मामा, आमच्या ऑफिसात दोन पोरांकडे आपली कॅसेट आहे. मी म्हटलं, ही मी आहे. हसले. म्हणाले, एकदा म्हणून दाखव. ऑफिसात कशी ओरडू? आणि ओरडले तरी तो आवाज माझा नाहीच ना. तुम्ही केलेला आहे तो." तिने हे रागाने म्हटले नाही, त्यामुळे मला जास्त लागले. मी तिचे काही हरवले असते तर शोधून दिले असते. मी ते घेऊन दुसऱ्याला देऊन टाकले.

म्हणून मी जाहीर करतो की ‘कर्फ्यू पास’मधला आवाज योगिनी अप्पाराव सोळुंके हिचा आहे, गाणी तिची आहेत, आणि स्पूल क्रमांक चार माझ्या मृत्यूनंतर तिला मिळावे. स्पूल फ्रिजवर ठेवू नये. टीव्हीवर, स्पीकरजवळ, देवघरात उदबत्तीजवळ ठेवू नये. लोखंडी कपाटाच्या दाराला लोहचुंबक असते, तिथे तर मुळीच नको. पावसाळ्यात बुरशी येते. कुणालाही, अगदी कुणालाही, एका दिवसासाठीसुद्धा नेऊ देऊ नये.

कलम ६. फिनलंडच्या एका छोट्या कंपनीला हा अल्बम सीडीवर काढायचा आहे. गाणाऱ्याचे नाव महिनाअखेर कळवा, नाहीतर कॅसेटवरूनच युवराजच्या नावाने छापू, असे पत्र आहे. मी खरे उत्तर लिहून पाकीट तयार ठेवले आहे. दाजींना दिलेली शपथ मी जिवंत असताना मोडू शकत नाही. माझे बरेवाईट झाल्यास प्रमिलाने दुसऱ्याच दिवशी ते पोस्टात टाकावे.

येथवर लिहून मी कागद नामदेवरावांकडे दिले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि विचारले, "बिरादार, आणि ऑपरेशन नीट झालं तर?"

मी म्हटले, "म्हणजे?"

"मृत्युपत्र माणूस मेल्यावर लागू होतं. तुम्ही जगलात तर यातलं एक अक्षर लागू होत नाही. पाकीट जाणार नाही. सीडी त्या पोराच्या नावाने येईल. म्हणजे पोरीने काय करायचं, तुम्ही मरायची वाट बघायची?"

मला घाम फुटला. छातीच्या दुखण्याचा नव्हे, साधा. आठ दिवस मी मरण्याची काळजी करत होतो आणि जगण्याची काहीच सोय केली नव्हती. खरे तर मी मरणाच्या आडून बोलत होतो. दाजी साक्षीदार म्हणून सही करायला चार वाजता येणारच होते. साक्षीदाराने मजकूर वाचायची गरज नसते, हे मी नामदेवरावांना आधीच दोनदा विचारून घेतले होते, इतका मी भित्रा.

पुरवणी, त्याच दिवशी, संध्याकाळी साडेपाच.

अप्पाराव दाजी सव्वाचारला आले, हॉस्पिटलात न्यायला मोसंबी घेऊन. "काय लिहायलास येवढं? कुठं सही करू?" म्हणाले. मी म्हटले, "दाजी, आधी ऐका." आणि कलम ५ त्यांना वाचून दाखवले. शपथेचा भाग वाचताना त्यांच्याकडे बघितले नाही. मग मी मशीनला नवा पट्टा चढवला, शिट्टी लावली, मीटरवर हजार येईपर्यंत थांबलो आणि गाणे सोडले.

दाजी दारात उभे होते, आत येईनात. पाहुण्यांचे गाणे लागले. "उठ, चालून दाखव, बस, चहा दे" असे योगिनी त्यात ओरडते. त्यांच्या दिवाणखान्यात ही वाक्ये पाहुण्यांनी म्हटलेली होती. प्रमिला स्वयंपाकघरातून आली आणि प्रथमच आत येऊन जमिनीवर बसली. गाणे संपले तेव्हा मी मशीन बंद करायला हात पुढे केला.

"थांब," दाजी म्हणाले. "आनखी किती हायत?"

"सहा."

"लाव."

सहाही झाली. नामदेवराव एकदाही उठले नाहीत, हे नोंदवतो. शेवटी दाजी म्हणाले, "माझ्या घरात होती तवर येवढी जोरात कदी बोलली नाही रे." मग बराच वेळ टॉवेलने तोंड पुसत राहिले. पाकीट कुठे आहे म्हणून त्यांनीच विचारले आणि पोस्टात टाकायला म्हणून ते शर्टाच्या खिशात घालून ठेवले.

त्यामुळे खालील बदल. कलम ५ मधील "माझ्या मृत्यूनंतर" हे शब्द खोडले आहेत. स्पूल क्रमांक चार मी योगिनीला आजच देत आहे. तिला फोन केला. ती म्हणाली, "मामा, ते वाजवायला मशीन पण लागेल ना?" मशीनही तिला. उद्या सकाळी आठला येते आहे. कलम ६ ची आता गरज उरलेली नाही. बाकी सर्व कायम. सोमवारची भीती मला अजून तेवढीच आहे.

हे मृत्युपत्र मी खालील दोघांसमोर सही केले व त्यांनी माझ्यासमोर.

ठिकाण: तारनाका, हैदराबाद
तारीख: शनिवार, २० नोव्हेंबर १९९९

(सही) बाळकृष्ण गणपतराव बिरादार

साक्षीदार १: (सही) नामदेवराव पांपटवार, वय ६७, निवृत्त, राहणार तारनाका. लिहून ठेवणाराशी नाते: शेजारी.

साक्षीदार २: अप्पाराव किशनराव सोळुंके, वय ६४, राहणार सिकंदराबाद. दाजी उर्दू शाळेत शिकलेले असल्याने सही उर्दूत आहे. नात्याच्या जागी मी ‘मेहुणे’ लिहिले होते, ते त्यांनी खोडून स्वतःच्या हाताने, मराठीत, एकेक अक्षर जुळवत लिहिले आहे: गानारीचा बाप.