ताईचा डावा कान

मंगळवार, डिसेंबर २००६. यवतमाळ

ताईचा डावा कान दुपारपासून वाजून राह्यला. दोष माझा आहे, अन् तिला अजून ठाऊक नाही.

रायफलच्या सरावासाठी तिला इलेक्ट्रॉनिक इअरमफ पाहिजे होते, गोळीचा धमाका अडवणारे पण शिकवणाऱ्या सरांचं बोलणं ऐकू देणारे. त्यासाठी गेल्या आठवड्यात मला नागपूरला धाडलं. "दोन-चार लावून पाह्य, मंगच घे," म्हणाली. पण स्टँडवर नागपूरच्या गाडीआधी घाटंजीची जीप आली. तिथं बाजाराचा दिवस होता, बसलो. तिथल्या दोस्ताच्या बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगात साधे इअरमफ खुंटीला लटकत होते. लावले तर सगळा बाजार मुका. वाटलं, याहून चांगलं काय असणार? तेच आणून नागपूरचे म्हणून ताईला दिले. जिनिंगातली माणसं यंत्रांच्या आवाजात हातवाऱ्यांनीच बोलतात, त्यांना ऐकायचं काय असते. ताईला मात्र सरांचा हुकूम ऐकायचा असते, हे तेव्हा कायले सुचते.

आज हुकूम ऐकू येईना म्हणून तिनं इअरमफची डावी वाटी वर सरकवली, अन् तेवढ्यात शेजारच्या पोरीची गोळी सुटली.

जेवताना सांगूनच टाकलं, "ताई, मी नागपूरले गेलोच नाई."

"काय म्हणलं? जोरानं बोल ना, तोंडात घास हाये का गोटा?"

तेव्हा ध्यानात आलं, मी तिच्या डाव्या बाजूला बसलोय. मुद्दाम बसलो होतो का?

"काही नाई. भाजी वाढ म्हणलं."

तिनं वाढली. उठून उजवीकडे बसता आलं असतं. मी तिथंच जेवलो.