सातवा ओंडका, आठवा ओंडका

मी, माग्नहिल्ड, आस्लाक ब्येर्कदाल यांची विधवा, वय सहासष्ट, राहणार ब्येर्कदाल, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. कोणी गळ घातलेली नाही. डॉक्टर म्हणतात, हृदय थकले आहे. डोके ठिकाणावर आहे आणि मत्सरही.

एक. बँकेतली शिल्लक माझ्या दफनासाठी वापरावी. उरेल त्यातून कॉफी आणि केक आणावा. केक गुरोने भाजू नये. तिचा केक चांगला होतो आणि लोक तेवढेच बोलत बसतात.

दोन. आस्लाकच्या कुऱ्हाडी आणि लांब करवत माझी थोरली बहीण गुरो हिचा मुलगा तोर्लेफ याला द्याव्यात. हातमाग माझ्याबरोबर जुना झाला. तो शाळेला द्यावा.

तीन. ओंडक्यांचे घर गुरोला द्यावे. काही कारणाने हे कलम रद्द ठरले, तर घर खोऱ्यातल्या जुन्या वस्तूंच्या संग्रहालयाने उतरवून न्यावे. तोर्लेफच्या सिमेंटच्या घरात गुरोची हाडे गारठतात. मरेपर्यंत लाकडात राहायचे आहे, असा निरोप तिने दोनदा पाठवला आहे. तरीही हे कलम मी तिच्यासाठी लिहीत नाही. जाण्याआधी आस्लाक म्हणाला होता, "घर गुरोला दे. खालचं सगळं तिनंच भरलंय." चव्वेचाळीस वर्षे मी त्याची अंथरुणे घातली आणि शेवटी त्याला भिंत आठवली. मी होकार दिला. दिलेला शब्द मोडणारी मी नाही.

चार. या घराचा इतिहास सांगितल्याशिवाय ते कोणाला देता येणार नाही.

ते आस्लाकच्या पणजोबांनी वरच्या कुरणावर बांधले. १९२२ साली आस्लाकने ते ओंडका-ओंडका सुटा करून उतरवले, बर्फावरून घसरगाड्यांनी खाली आणले आणि इथे पुन्हा रचायला घेतले. तेव्हा त्याचे गुरोशी ठरले होते. आमच्याकडे ओंडक्यांच्या थरांमधले शेवाळ नवरी होणारीने गोळा करायचे आणि स्वतःच्या हाताने भरायचे. तिचा हात लागला की वारा आत येत नाही, असे म्हणतात.

घर उतरवताना प्रत्येक ओंडक्याच्या टोकावर खुणा करायच्या असतात. भिंतीसाठी एक तिरकी आणि थरासाठी जितक्या लागतील तितक्या उभ्या. ते काम माझ्याकडे होते. मी सतरा वर्षांची होते. गुरो शेवाळाची पोती घेऊन आली, की आस्लाक काम टाकून तिच्याकडे बघत राही. माझ्याकडे त्याने फक्त कुऱ्हाड मागताना बघितले. उत्तरेच्या भिंतीच्या सातव्या ओंडक्यावर मी आठ खुणा केल्या आणि आठव्यावर सात. चूक झाली नाही. मी केली.

सहा थर चढले आणि कोपरे बसेनात. तीनदा उतरवले, तीनदा चढवले. मग बर्फ पडले, छप्पर राहिले, लग्न वर्षभर लांबले. गुरो चारचौघांत म्हणाली, "नंबर घातलेलं घर ज्याला रचता येत नाही, तो संसार काय रचणार?" लोक हसले. आस्लाक हसला नाही. वसंतात त्याने खाचा तासून ते दोन ओंडके तसेच बसवले. पुढचे शेवाळ मी भरले.

म्हणून या घरात खालचे सहा थर गुरोचे आणि वरचे माझे आहेत. बाकावर बसले की पाठ तिच्या शेवाळाला टेकते. सातव्या थराशी बोटभर फट आहे, तिथून वारा येतो. दर रविवारी गुरो येते, खालच्या फटींवरून बोट फिरवते आणि म्हणते, "टिकलंय हं माझं." वर मात्र एकदाही पाहत नाही.

पाच. हे कलम आज सह्यांच्या वेळी वाढवले आहे.

साक्षीला मी गुरोलाच बोलावले होते. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही, हा कायदा शिक्षक ओस्मुंड ल्येन यांनी मला सांगितला होता. गुरोला तो माहीत नव्हता. शब्दही राहील आणि घरही तिला मिळणार नाही, असा माझा हिशेब होता. मजकूर झाकून मी कागद पुढे केला. तिने चष्मा पुसला, नाव लिहिले.

"काय ग लिहिलंयस एवढं? मला शिव्या?" तिने विचारले.

"दोन-तीन."

"बास? म्हातारी झालीस, माग्नहिल्ड." मग पेन तसेच धरून म्हणाली, "तुला म्हणून सांगते. मी दर रविवारी तुला बघायला येत नव्हते. तू त्याच्या उशाशी होतीस ना, तर म्हटलं, मी निदान त्याच्या भिंतीत आहे का, ते बघावं. जळायचे ग मी. तू त्याच्या ताटात बटाटे वाढायचीस तेव्हासुद्धा."

"तू? तुला तर निल्स मिळाला. त्याची सतरा गुरं मिळाली."

"निल्स चांगला होता," गुरो म्हणाली. "पण त्याच्यावरून माझ्याशी कोणी भांडलं नाही."

दुसरे साक्षीदार ल्येन गुरुजी खिडकीबाहेर बघत बसले. मी खुणांबद्दल तिला तोंडाने सांगू शकले नाही. माझ्यामागे हे वाचले जाईल तेव्हा तिला कळेल, आणि तेव्हा ती माझ्यावर ओरडू शकणार नाही, एवढा फायदा मी घेते. पण आस्लाकवरून भांडायला आता आम्ही दोघीच उरलो आहोत, आणि घर संग्रहालयात गेले, तर तिथले लोक शेवाळ काढून टाकतात.

म्हणून साक्षीदारांतले गुरोचे नाव मी स्वतः खोडले आहे. कलम तीन लिहिल्याप्रमाणे कायम आहे. माझ्या हयातीतच तिने पूर्वेच्या खोलीत राहायला यावे; तेवढे मी तिला आजच तोंडाने सांगेन. वाद झाल्यास तो आमचा आम्ही बघू.

नाव खोडलेले पाहून ती म्हणाली, "का ग? अक्षर वाईट आहे माझं?"

मी म्हटले, "हो."

ब्येर्कदाल, ९ ऑक्टोबर १९७१

सही: माग्नहिल्ड ब्येर्कदाल

साक्षीदार, दोघेही समक्ष हजर:
१. ओस्मुंड ल्येन, शिक्षक
२. <s>गुरो निल्स हाउगेन</s> (खोडले. मा. ब्ये.)
   हेर्दिस बाक्के, टपाल वाटणारी, रस्त्यावरून हाक मारून बोलावली