पेटीतलं पिस्तूल, खिशातलं पिस्तूल

सायप्रस क्रीक, ओक्लाहोमा
३ मार्च

प्रिय कोरीन,

तू बरी असशील अशी आशा आहे. इकडे सगळं ठीक. परवाच्या वादळात चर्चमागचं पेकनचं झाड आडवं झालं, पण छप्पर वाचलं. इम्मा मावशीचा गुडघा अजून कुरकुरतोय. ती तुझी रोज चौकशी करते. माझी करत नाही, कारण मी समोरच असते.

पत्र अशासाठी लिहितेय की फोनवर आपण तिसऱ्या वाक्याला भांडतो. डॅडींना जाऊन दोन वर्षं झाली, पण ते तिसरं वाक्य काही बदललेलं नाही.

तुझं पिस्तूल पोचलं. तुझ्याकडून माल आणणाऱ्या व्हर्लने ट्रक आपल्या बंदुकांच्या दुकानासमोर उभा केला आणि लाल मखमलीच्या पेटीसकट ते काउंटरवर ठेवून गेला. हॉइट तुला आठवत असेल, काउंटर तो सांभाळतो आणि मागची नेमबाजीची रेंज मी. त्याने पेटी उघडून शीळ घातली.

"हेच ना ते तुझ्या वडिलांचं निकेलचं?"

"वडिलांचं होतं. आता माझ्या बहिणीचं आहे."

"अच्छा. म्हणजे तुला तो कॉफीचा डबा मिळाला, तेव्हाच्या वाटणीतलं."

बघ, गावाला सगळं पाठ आहे. शाळा सुटली की मी डॅडींच्या बाकाशी जाऊन बसायचे. नखांत तेल गेलेलं, बोटं कानशीने सोललेली. तू कधीतरी नखं रंगवून यायचीस, काउंटरवर पाय हलवत बसायचीस, आणि डॅडी हातातलं काम टाकून तुला च्युइंगगम द्यायचे. 'माझी बाहुली आली' म्हणायचे. मला 'नेल, तो स्क्रू दे' म्हणायचे. आणि शेवटी बाहुलीला काय, तर शिंपल्याच्या मुठीचं चकचकीत निकेलचं पिस्तूल, ज्याबद्दल ते चर्चमध्येसुद्धा कोटावर थाप मारून सांगायचे की 'माझी निकेलवाली सोबत आहे'. आणि नेलला काय, तर कॉफीच्या डब्यातलं बुटकं रिव्हॉल्व्हर. रंग उडालेला, मुठीला काळी चिकटपट्टी गुंडाळलेली. वकिलाने वाचून दाखवलं तेव्हा माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता. अजूनही होतो. स्पष्टच लिहिते, म्हणजे तुला अंदाज बांधत बसायला नको.

आता कामाचं. तुझं म्हणणं, एक गोळी सुटली की दुसऱ्या वेळी ते अडकतं, आणि त्याच्यावर विसंबावं की नाही ते मी सांगावं. मी ते उघडलं, स्वच्छ केलं, तेल दिलं आणि रेंजवर नेलं. बाळगायच्या पिस्तुलात घालतात त्या गोळ्यांचा नवा खोका फोडला, मग आणखी एक. पिस्तूल एकदाही अडखळलं नाही. खिशातलं कोणतं पिस्तूल भरवशाचं हे विचारायला अर्धा तालुका माझ्याकडे येतो, तेव्हा माझं ऐक. त्यात काही बिघाड नाही. दोष तुझ्या हातात आहे. एवढंसं हलकं पिस्तूल मनगट ताठ असेल तरच चालतं. मनगट ढिलं पडलं की पिस्तुलाला मागून आधार उरत नाही, आणि सुटलेल्या गोळीची रिकामी पुंगळी बाहेर न पडता तिथेच अडकते. डॅडी असते तर म्हणाले असते, 'बाहुली, हात घट्ट.'

तेव्हा असं करू. निकेलवाली माझ्याकडेच राहू दे. दुकानातलं एक साधं काळं, नवं पिस्तूल मी तुला देते. ज्याचं त्याच्या हातात गेलेलं बरं. तसंही तुला त्याची एवढी गरज काय आहे?

तुझी बहीण,
नेल्डा

*

१० मार्च

नेल्डा,

पत्र मिळालं. झाडाचं वाईट वाटलं. इम्मा मावशीला सांग, मी आठवण काढली.

माझा हात ढिला आहे, हे तू बरोबर ओळखलंस. मागच्या थँक्सगिव्हिंगला मी प्लास्टर घालून आले होते. बर्फावर घसरले म्हणाले होते. बर्फ नव्हता. माझ्याच नवऱ्याने, गारलंडने, स्वयंपाकघराच्या दारात हात पिरगाळला होता. हाड वाकडं जुळलं. आता लोणच्याची बरणीसुद्धा शेजारीण उघडून देते. त्या प्रकरणात त्याला आत टाकलं, हे तुला ठाऊक नाही, कारण मी कुणालाच सांगितलं नाही.

जानेवारीत तो सुटला. माझ्यापासून लांब राहायचा कोर्टाचा हुकूम आहे, तरी त्याचा पिकअप माझ्या गल्लीतून जातो. गेल्या आठवड्यात टपालपेटीपाशी थांबला. इंजिन चालू ठेवून नुसता बसून राहिला. शेरिफच्या ऑफिसात फोन केला तर म्हणाले, गाडी पाठवतो. गाडी यायला पाऊण तास लागला. तोवर तो गेला होता.

म्हणून मी तुला एवढंच विचारलं होतं की मी चाप ओढला तर गोळी सुटेल का. तू उत्तर दिलंस ते पिस्तूल कुणाचं या प्रश्नाचं.

आणि ते मला हवं होतं असं तुला वाटतं? डॅडी तुला जन्मभर मिळाले. मी दुकानात आले की तुम्ही दोघं त्या स्क्रू-स्प्रिंगांच्या भाषेत बोलत असायचात, आणि मला बघून गप्प व्हायचात. माझ्याशी काय बोलावं हे त्यांना सुचायचं नाही, म्हणून ते च्युइंगगम द्यायचे. पिस्तूलही तसंच दिलं. तुझ्या तेलकट नखांचा मला किती हेवा वाटायचा, हे तुला कधी कळलं नाही.

ठेव ते. पण मी काय घेऊ, ते खरं सांग.

कोरीन

*

सायप्रस क्रीक
२२ मार्च

प्रिय कोरीन,

तुझं पत्र काउंटरशी उभ्यानेच वाचलं. हॉइटने विचारलं, "कोण गेलं?" मी म्हटलं, "कोणी नाही, अजून." गारलंडबद्दल मी इथे काही लिहीत नाही. चर्चमध्ये ऑर्गन वाजवणाऱ्या बाईच्या हातून तसले शब्द बरे दिसत नाहीत.

तुझं पिस्तूल मी अर्धंच तपासलं होतं. डॅडींची रीत तुला माहीत नसेल, ती त्या स्क्रू-स्प्रिंगांच्या भाषेतली. रेंजवर धुऊनपुसून आणलेल्या पिस्तुलाची साक्ष ते धरायचेच नाहीत. म्हणायचे, खिशातलं पिस्तूल खिशातूनच काढून तपासायचं. आठवडाभर खिशात बाळग, किल्ल्या, चुरा, घाम, सगळं लागू दे, पुसू नकोस. मग कच्च्या हाताने चालव, अंगात ताप असल्यासारखं धर. तसं चाललं तरच ते चांगलं. प्रत्येक गिऱ्हाइकाला मी हे तोंड दुखेपर्यंत सांगते. तुझ्या वेळी केलं नाही, कारण निकाल आधीच ठरला होता. पिस्तूल चांगलं आहे आणि ते माझं आहे, असा.

मग मी निकेलवाली आठवडाभर कोटाच्या खिशात बाळगली. त्यानंतर रेंजवर डाव्या हातात घेतली, मनगट सैल सोडलं. पहिली गोळी सुटली. दुसरी अडकली. मोकळी केली, पुन्हा अडकली.

हॉइट मागे उभा होता. म्हणाला, "म्हणजे तुझी बहीण खोटं बोलत नव्हती."

"ती खोटं बोलते असं मी कधी म्हटलं?"

"तोंडाने नाही म्हटलंस."

खरं सांगू? ते अडकलं तेव्हा मला आनंद झाला. तुला दिलेली ती सुंदर वस्तू कुचकामी निघाली, म्हणून. त्या आनंदातच मी तिची मूठ उघडली, आत घाण साचली असेल तर बघावी म्हणून. शिंपल्याखाली लाल मखमलीचे धागे निघाले. तेवढेच. एवढ्या वर्षांत कुठल्याही खिशाची धूळ तिला लागली नव्हती, माझ्या कोटाची सोडून. रविवारी कोटावर थाप मारायचे तेव्हा निकेलवाली घरी पेटीत झोपलेली असायची, कोरीन.

मग त्या कोटाखाली काय असायचं?

मी घरी जाऊन कॉफीचा डबा काढला. दफनानंतर पहिल्यांदाच. रिव्हॉल्व्हरवरची चिकटपट्टी सोडवली, मुठीचे लाकडी तुकडे काढले. आत निळी धूळ गच्च बसलेली होती, त्यांच्या कामाच्या डांगरीची. आणि एका कोपऱ्यात पेपरमिंटच्या गोळीचा कण, दगडासारखा घट्ट झालेला. हेच ते रोज बाळगत होते.

रेंजवर तेही डाव्या हाताने चालवलं, तितकंच सैल धरून. एकही बार फुकट गेला नाही. पण मी थक्क झाले ती चापाने. बुटक्या रिव्हॉल्व्हरचा चाप किती जड असतो ते तू दुकानात बघितलंयस, बायका तो दोन बोटांनी ओढतात आणि नेम जातो छताकडे. हा चाप जुन्या कपाटाच्या चांगल्या खणासारखा सरकत आला. अर्धांगाचा झटका आल्यावर डॅडींचा उजवा हात गेला, तेव्हा मी दुकान बंद करून निघाले तरी ते 'थोडं बसतो' म्हणत मागे राहायचे. एका हाताने ते हेच करत होते. चाप हलका करणं कुणालाही जमतं. पण तो हलका केला की गोळीवर आदळणारा घोडाही हलका पडतो, आणि एखादी गोळी फुटतच नाही. दुकानातल्या फुटायला सर्वांत कठीण गोळ्या घालून बघितल्या. सगळ्या फुटल्या. हे त्यांनी कसं साधलं, ते त्यांच्या हाताखाली शिकूनही मला कळत नाही.

मी तिथेच खाली बसले आणि रडले. ज्याच्या भरवशावर ते स्वतःचा जीव ठेवून फिरत होते, ते त्यांनी मला दिलं होतं. दोन वर्षं मला एवढंच हवं होतं. तुला फोन करायला मी उठलेसुद्धा. वाक्यं जुळवली होती, की तुला मिरवायचं दिलं आणि मला खरं दिलं. ते आपलं तिसरं वाक्य झालं असतं. हातात फोन घेतला आणि तुझं मनगट आठवलं.

त्यानंतर मी पळवाटा शोधत राहिले. दुकानातलं कपाटन् कपाट उपसलं. नव्या पिस्तुलांचा वरचा भाग मागे खेचायला जोर लागतो, ज्या हाताला बरणी उघडत नाही त्याला ते जमणार नाही. रिव्हॉल्व्हर म्हणावं तर चाप जड. हॉइटची बायको ओपल, जिची बोटं संधिवाताने वाकडी झालीत, तिला बोलावून एकेक हातात दिलं. तिला एकही ओढवेना. शेवटी मी डॅडींचं दिलं. ओढलं, पुन्हा ओढलं, आणि म्हणाली, "मला हेच बांधून दे."

"ते विकायचं नाही."

"मग मला कशाला दाखवलंस, बाई? जळवायला?"

एक नवं रिव्हॉल्व्हर घेऊन त्याचा चाप मी स्वतः घासला. हलका झाला, छान झाला, आणि मधूनच एखादी गोळी नुसती टक् करून गप्प बसली. गारलंड दारात उभा असताना 'मधूनच' चालणार नाही.

म्हणून रविवारी, चर्च सुटल्यावर, मी येतेय. पिस्तूल पोस्टाने पाठवता येत नाही, आणि व्हर्लच्या हाती हे मी देणार नाही. तुझ्या घरामागच्या खडीच्या खाणीत तुझ्या हाताला त्याची सवय होईपर्यंत आपण गोळ्या झाडू. कोर्टाचा हुकूम काढून ठेव, सोमवारी शेरिफच्या ऑफिसात मी तुझ्याबरोबर येते आणि गाडीला पाऊण तास का लागला ते मी विचारते. त्यानंतर माझ्याकडे राहायला आलीस तर सर्वांत बरं. तुझी खोली आहे तशीच आहे, फक्त तिच्यात गोळ्यांचे खोके आहेत. आणि घरातल्या सगळ्या लोणच्याच्या बरण्या ओट्यावर मांडून ठेव. मी उघडून देईन.

हे मी हसतखेळत देतेय असं समजू नकोस. जीव जळतोय. डॅडींनी मला एकच गोष्ट मनापासून दिली, आणि ती हातात कळतेय न कळतेय तोच तुझ्या पर्समध्ये जाणार. त्यांनी रोज ज्यावर बोट ठेवलं, त्यावर आता तुझं बोट असेल. हेवा कुठेही गेलेला नाही, कोरीन, फक्त आता तो बरोबर घेऊनच मी गाडी काढून येतेय.

निकेलवाली इथेच राहील. दिसायला छान आहे, वेळेला अडकते. कॉफीच्या डब्यात ठेवलीय.

रिव्हॉल्व्हरच्या मुठीतली निळी धूळ मी पुसलेली नाही. चालायला तिची काही अडचण नाही, तूही पुसू नकोस. पेपरमिंटचा कण मात्र मी काढून घेतलाय. तो मागू नकोस, मिळणार नाही.

रविवारपर्यंत दाराला कडी लावून राहा.

तुझी आणि डॅडींची,
नेल