मशरूमची भाजी आन मामाची ट्रिप

ति. शिवकन्याताईला हरिओमचा उजव्या हाताचा नमस्कार (डावा भाजलाय, कारण खाली हाय). तू, तुझं हॉस्टेल आन तुझ्या लॅबमधले उंदीर समदे खुशाल असताल. फोन सोडून पत्र लिव्हायलोय, कारण फोन लावला की सूर्यभानमामा बाजूला येऊन बसायलाय.

तुला म्हाईत हाय, मामी गेल्यापासून जीप दारात उभी आन मामा बाजंवर आडवा. मागल्या हप्त्यात तू फोनवर धाडलेलं रेकॉर्डिंग त्याला ऐकवलं. तू म्हणलीस, एका मशरूमातल्या औषधानं उदासी जाती म्हणं, पण त्याला ट्रिप लागतीच का ट्रिपबिगर बी गुण येतो, यावर मोठमोठे डॉक्टर भांडायलेत. आता ते औषध आपल्याकडं न्हाई (असतं तरी दिलं नसतं, इतका वाह्यात मी न्हाई). पण मला गंमत सुचली. परभणीहून भाजीच्या साध्या मशरूमचा पुडा आणला, कढईत परतला (हात तिथंच भाजला) आन मामाला म्हणलं, ताईनं पुण्याहून औषध धाडलंय, आता भिंती हालतील. मामानं भाकरीसंगं गपचिप खाल्लं, लय येळ भिंतीकडं बघितलं आन म्हणला, "भिंत काय हालंना. ट्रिप पायजे म्हणली न ती?" आन उठला की. तीस वर्षं ताडकळस-पूर्णा जीप हाकलेल्या माणसाला ट्रिप म्हणजे एकच (तुमची ट्रिप डोक्यातल्या डोक्यात, नुसत्या भासांची असती, हे मी मुद्दाम न्हाई सांगितलं). जीप ढकलायला मला लावलं आन बाजारातून "पूर्णा, पूर्णा" वरडत निघाला. दगडाबाई शेळी घेऊन चढली. मामानं इचारलं, हिला सवारीत धरू का सामानात? ती म्हणली, "मुडद्या, चार महिने कुठं उलथला व्हतास? तुझी वाट बघता बघता ही व्याली बी." मामा हसला, ताई. पार दाढा दिसल्या.

तर तुझ्या डॉक्टरांना सांग, गुण आला खरा, पण मशरूमचा, ट्रिपचा का दगडाबाईच्या शिव्यांचा, ते मला उमजंना.

तुझा हरिओम

ता.क. गुण दोनच दिवस टिकला. मामा परत बाजंवर.

आणखी ता.क. परभणीत मनाच्या डॉक्टरकडं शुक्रवारचा नंबर लावलाय. मी न्हेतो म्हणलं तर मामा म्हणतो, "तुझं औषध खाल्लं की एकदा." त्याचं काय चुकलं न्हाई. म्हणून तू ये. काल मला म्हणला, "हरी, सकाळी उठायचं कशाला रे?" मी कायतरी इनोद केला. आज त्याच्या आधी उठून चहा ठेवला, आन तो उठतो का ते बघत बसलो.