नऊ नंबरचा बिल्ला

।। श्री ।।
थाटीपुर, ग्वाल्हेर
६ नोव्हेंबर २०२२

चि. शालूस बळवंतदादाचे अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

फोनवर मला आता काही ऐकू येत नाही. तन्वी मध्ये उभी राहून तुझे बोलणे ओरडून सांगते, पण त्यात अर्धे तिचेच असते आणि तेही हिंदीत. नात असली तरी तिच्यावर किती विसंबायचे? म्हणून पत्र लिहितो आहे. चष्मा लावून, बसून वाच. उभ्याने वाचू नकोस, तुझे गुडघे मला माहीत आहेत.

आपले रघुनाथ-विलास विकले गेले. मालक जयसिंहराव गेले तेव्हापासूनच मला धाकधूक होती. त्यांचा विहंग पुण्यात असतो, त्याला हॉटेलात काय रस. त्याने एका बिल्डरला दिले. तिथे म्हणे चार मजली पार्किंग होणार आणि खाली दुकाने. बाड्याच्या चौकात गाडी लावायला जागा नाही हे खरे, पण म्हणून माणसांच्या मुक्कामाची जागा गाड्यांना द्यायची? इमारत शंभर वर्षांची आहे, त्यामुळे ती धोकादायक ठरल्याशिवाय पाडता येणार नाही, असे कळले. नगर निगमात जानेवारीत पेशी, म्हणजे सुनावणी, आहे. मी जाणार आहे.

तू म्हणशील, दादाने हॉटेलातली चाव्यांची खिडकी सोडून पंधरा वर्षे झाली, आता त्याला काय करायचे आहे. ते तुला माहीत आहे. परवा तन्वीला सांगितले तर तिला खरे वाटेना. मी तिला म्हटले, जुने मालक थोरले रावसाहेब, त्यांचा दंडक होता. घरचे किंवा घरोब्याचे माणूस गावाला निघाले की त्याच्या खोलीच्या चावीचा पितळी बिल्ला पाटीवर उलटा टांगायचा, आकडा भिंतीकडे. पोचल्याचे पत्र आले की सरळ करायचा. पत्र येईपर्यंत ती खोली दुसऱ्याला द्यायची नाही. तिने विचारले, मग नऊचा कधीपासून उलटा आहे. म्हटले, ११ जून १९७४ पासून.

त्या सकाळी आपला गोविंदा, माझ्या पाठचा भाऊ, जबलपूरला मुलाखतीला निघाला. नऊमध्ये बसून अभ्यास करायला रावसाहेबांनीच त्याला परवानगी दिली होती. आईने हातावर दही घातले. मी बिल्ला उलटा केला आणि थट्टेत म्हणालो, नोकरी घेऊनच ये, नाहीतर तोंड दाखवू नकोस. तो हसला होता. तू दारात उभी होतीस, तुला आठवत असेल. हसला होता ना? हे मी तुला पूर्वी विचारले असेल, तरी सांग.

हॉटेलच्या मागच्या आपल्या दोन खोल्या केव्हाच सोडाव्या लागल्या, आई-अण्णा गेले. गोविंदा आला तर त्याला ठाऊक असलेला एवढा एकच पत्ता उरला आहे. तो पाडू द्यायचा नाही.

तिळाची गजक पाठवली आहे. मोडली असेल तर माझा दोष नाही, पोस्टाचा आहे. लोभ आहेच, पण पत्राचे उत्तर वेळेवर दे.

तुझा,
बळवंतदादा

—

सांगली
२० नोव्हेंबर २०२२

तीर्थरूप दादास शालिनीचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

पत्र आणि गजक, दोन्ही पोचले. गजकेचा भुगा झाला होता. दुधात घालून खाल्ला. पोस्टाचा दोष मी माफ केला आहे.

दादा, तुझी काळजीची गिरणी अजून तीन पाळ्यांत चालते हे वाचून बरे वाटले आणि वाईटही. तू पंच्याहत्तरीचा, मी सदुसष्टची. गोविंदा असता तर त्र्याहत्तरचा. एवढ्या वर्षांनी माणूस पत्ता शोधत येतो का रे? जुन्या इमारती पडतात. आमच्या इथे कृष्णेच्या पुराने किती घरे नेली, माणसे पुन्हा राहतातच. तो बिल्ला आता सरळ केलास तर? तुझ्याच मनाला थोडे बरे वाटेल, म्हणून म्हणते.

पेशीला जाताना कानाचे यंत्र लावून जा. खिशात ठेवून जाऊ नकोस, ते खिशात ऐकत नाही. वहिनी असत्या तर त्यांनी तुला जाऊच दिले नसते.

तन्वीला आशीर्वाद. माझ्यावर रागवू नकोस, एवढी माया असू दे.

तुझी,
शालू

—

।। श्री ।।
थाटीपुर
२ फेब्रुवारी २०२३

चि. शालूस अनेक आशीर्वाद.

हे पत्र कोणाला दाखवू नकोस.

पेशी झाली. यंत्र कानात होते. बिल्डरच्या वकिलाने टेबलावर काय ठेवले असेल? माझी वही. खिडकीत असायची ती दुरुस्तीची वही, लाल कापडाची. एक नाही, चांगल्या सात. विहंगने कागदपत्रांबरोबर देऊन टाकल्या होत्या. वकील एकेक पान वाचत होता आणि माझे सातवीपर्यंतचे अक्षर त्या मोठ्या खोलीत घुमत होते.

तुला सांगतो, जयसिंहराव बोटभर भेगेला गवंडी बोलवत नसत. हातभर लिहिली की बोलवत. म्हणून मी हातभर लिहायचो. जिना हलतो, सज्जा सुटला, गच्ची खचली, असे सगळे वाढवून लिहायचो. ते हॉटेल टिकावे म्हणूनच लिहायचो ना?

आणि नऊचे वेगळेच आहे. इथला मेला, म्हणजे मोठी जत्रा, भरायची तेव्हा व्यापारी यायचे, सगळ्या खोल्या भरायच्या. एका वर्षी मालक म्हणाले, रावसाहेब गेले, आता त्यांचा दंडक पुरे, उलटा बिल्ला सरळ करा आणि खोली द्या. मी काय करणार? मी वहीत लिहिले, नऊच्या छताची दगडी पटिया तडकली आहे, आत माणूस ठेवू नये. मालकांना गुडघ्यांमुळे तिसरा मजला चढवत नसे. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला. मग दर वर्षी जत्रेआधी मी ती ओळ लिहिली, आणि दर वर्षी तडा थोडा वाढवला, कारण तडा कमी होत नसतो. शालू, नऊच्या पटियेला केसाएवढाही तडा नव्हता. सबंध इमारतीत तीच खोली सर्वांत भक्कम होती. मी रोज झाडायचो.

निगमाच्या साहेबांनी मला जवळ बोलावून विचारले, अक्षर तुमचेच का. मी हो म्हणालो. माझेच होते. मग मी म्हणालो की लिहिलेले खरे नाही. सगळे हसले. साहेब चांगल्या स्वभावाचा होता, त्याने विचारले, बाबा, इतने साल झूठ क्यों लिखा. इतक्या परक्या माणसांत भावाचे नाव कसे घ्यायचे? मी यंत्राला हात लावून ऐकू येत नसल्यासारखे केले.

इमारत धोकादायक ठरली. अहवाल इंजिनियरचा आहे, पण त्यातले पहिले वाक्य खोली क्रमांक नऊचे आहे. तन्वीने वाचून दाखवले.

जेवण जात नाही. बद्धकोष्ठही आहे. तू मला रागाने का होईना, पण लिही. तेवढाच आधार.

बळवंतदादा

—

थाटीपुर
२८ जून २०२३

चि. शालूस आशीर्वाद.

तुझे फेब्रुवारीचे पत्र मिळाले होते. तू रागावली नाहीस. एवढेच लिहिलेस की तुला झोप नाही आणि माझ्यापेक्षा तुझीच चूक मोठी आहे. ती कोणती, ते लिहिले नाहीस. तू सांगलीत, तुझी यात कसली चूक? उगाच माझे ओझे वाटून घेऊ नकोस.

पाडायला एकवीस दिवस लागले. मी रोज टेम्पोने जायचो आणि समोरच्या कचोरीवाल्याच्या बाकावर बसायचो. आधी जाळ्या काढून विकल्या, मग दारे. आपल्या मागच्या खोल्या एका दुपारीच गेल्या. अण्णा हॉटेलची कोठी सांभाळायचे, तिच्या भिंतीला अजून तिखटाचा वास येत असणार, पण मला कोणी आत सोडले नाही.

नऊची बाजू सर्वांत शेवटी पडली. पटिया काही केल्या फुटेना. मशीनचा दात दोनदा मोडला. मशीनवाला वैतागून खाली उतरला आणि ठेकेदाराला म्हणाला की कागज पर तो यह कमरा सबसे कमजोर लिखा है. मला त्या दिवशी यंत्राशिवाय ऐकू आले.

चाव्यांची पाटी भंगारात गेली. नऊची चावी मात्र मी पंधरा वर्षांपूर्वीच घरी आणली होती, ते तुला सांगितले नव्हते. पाटीवर मी दुसरा बिल्ला लटकवून आलो होतो. खरा इथे स्वयंपाकघरात खिळ्याला आहे. उलटाच.

आषाढात काळजी घे. लोभ असावा असे म्हणवत नाही, लायकी राहिली नाही. तरी असू दे.

बळवंतदादा

—

थाटीपुर
१९ ऑगस्ट २०२४

चि. शालूस आशीर्वाद. राखी मिळाली. तन्वीने बांधली.

पार्किंग सुरू झाले. पिवळ्या पट्ट्यांवर आकडे आहेत. फाटकावर एक पावतीवाली मुलगी बसते, गरिमा नावाची. चांगली आहे. मी तिच्याकडे एक चिठ्ठी दिली आहे, त्यात माझे नाव आणि थाटीपुरचा पत्ता आहे. तिला सांगितले, सत्तरीपुढचा, डाव्या भुवईवर खूण असलेला माणूस हॉटेल विचारत आला तर ही दे. आणि भुवई पांढरी झाली असेल तर खूण दिसणार नाही, तेव्हा कोणीही म्हातारा आला तरी विचारच. ती रोज सांगते, आज नहीं आए दादाजी. मीही अकरा ते चार तिथेच असतो. ऊन लागते, पण त्याला इलाज नाही. मी हॉटेल पाडले, तेव्हा हॉटेलच्या जागी मलाच उभे राहायला हवे.

घरचे ओरडतात. परवा चक्कर आली होती, पडलो नाही. तुला कळले तर तू काळजी करशील म्हणून लिहीत नव्हतो, पण लिहिले गेले.

बळवंतदादा

—

सांगली
२ सप्टेंबर २०२४

तीर्थरूप दादास शालिनीचा नमस्कार. पायांवर डोके ठेवून लिहिते आहे असे समज.

दादा, उद्यापासून उन्हात उभा राहू नकोस. गोविंदा येणार नाही. तो १९९८ च्या मार्गशीर्षात गेला, जबलपूरला, काविळीने.

त्याच्या बायकोचे मला पत्र आले होते, हिंदीत. सुलोचनाबाई तिचे नाव. माझा पत्ता त्याच्या डायरीत होता, तो त्याने कसा मिळवला कोण जाणे. त्याची ती नोकरी झाली नव्हती. आधी एका लाकडाच्या वखारीत होता, पुढे एका शाळेत कारकून झाला. दोन मुली. चांगले घर होते. दर दिवाळीला ग्वाल्हेरला जाऊ म्हणायचा आणि जायचे राहायचे.

तेव्हा आई होती. तिला हे कोणत्या तोंडाने सांगायचे? तुझे बायपास नुकतेच झाले होते. म्हटले, आई असेपर्यंत थांबू. २००३ मध्ये आई गेली, तेव्हा तेराव्याला मी सांगायचे ठरवून आले होते. त्या दिवशी तू मला हात धरून खिडकीपाशी नेलेस आणि उलटा बिल्ला दाखवून म्हणालास, आई गेली तरी हा आहे. माझी जीभ उचलली नाही. नंतर उशीर झाला. उशिराला रोज आणखी एक दिवस लागत गेला.

तुझे वहीचे पत्र आले तेव्हा मी देवापुढे बसून रडले. मी पंचवीस वर्षांपूर्वी एक कार्ड टाकले असते, तर पुढची सगळी वर्षे तू ती ओळ लिहिली नसतीस. खोली भाड्याने गेली असती. हॉटेल कदाचित आजही उभे असते. ते तू पाडले नाहीस.

तू विचारले होतेस आणि मी दोन वर्षे उत्तर टाळले. हो, तो हसला होता. मी दारात होते, मी पाहिले. गल्लीच्या वळणापर्यंत हसत होता.

तू मला पुन्हा पत्र लिहिले नाहीस तरी मी समजून घेईन. पण लिही.

तुझी अपराधी,
शालू

—

।। श्री ।।
थाटीपुर
६ ऑक्टोबर २०२४

चि. शालूस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुला स्टेशनवर सोडून घरी आलो आणि लिहायला बसलो आहे. तू इथे होतीस त्या आठ दिवसांत मला काही बोलता आले नाही. सर्वपित्रीला पाणी सोडताना गुरुजींनी नाव विचारले आणि मी गोविंद म्हणालो, तेव्हा तू माझ्याकडे पाहिलेस. तेवढ्यात सगळे बोलून झाले असे मी धरतो. सुलोचनाबाईंना मी पत्र टाकणार आहे. हिंदीत लिहायचे तर तन्वी सांगेल तसे.

तू सगळे लिहिलेस असे मला वाटत नाही. दर दिवाळीला यायचे म्हणायचा आणि यायचा नाही, त्याला काहीतरी कारण असणार, आणि ते मला कळू नये असे तुला वाटत असणार. मी विचारणार नाही. तो हसला होता हे तू लिहिलेस, ते मी उशाशी ठेवले आहे.

तुझे पत्र आले त्याच दिवशी मी स्वयंपाकघरात जाऊन बिल्ला सरळ केला. पोचल्याचेच पत्र होते ते, पन्नास वर्षांनी आलेले. आकडा घासूनही दिसेना. इतकी वर्षे भिंतीला होता, पण तरी काळा पडला होता. शेवटी चिंचेने निघाला.

स्टेशनवरून येताना बाड्यावर उतरलो. गरिमाकडून चिठ्ठी परत घेतली. तिने विचारले, मिल गए क्या. मी हो म्हणालो. मग आत गेलो, आजवर कधी गेलो नव्हतो. नऊ नंबरच्या पट्टीवर एक मळकी गाडी उभी होती, लांबून आलेली दिसत होती. मागच्या सीटवर उशी आणि पाण्याची बाटली. कोणीतरी उतरले होते. मी बाहेर येऊन कचोरीवाल्याच्या बाकावर बसलो आणि मला रडू आले. त्याने काही न विचारता पाणी दिले.

तुझा डबा शेवटचा होता. वरची बर्थ मिळाली असेल तर कोणालातरी सांगून खालची घे. भुसावळला उतरू नकोस. गुडघ्यांना तेल लाव.

घरी आल्यावर मी नऊचा बिल्ला पुन्हा उलटा केला आहे, तुझ्या नावाने. पोचलीस की दोन ओळी टाक.

वाट पाहतो,
बळवंतदादा